एक्स-प्लेन १२ आणि आमचं कोकण: कुठला थर वर, कुठला खाली

कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या एक्स-प्लेन १२ या सिम्युलेटरबद्दल लिहिणारे बहुतेक जण कॉकपिटात बसून लिहितात. बटणं किती खरी, ढग किती दाट, उतरताना चाकांना किती धक्का बसतो, वगैरे. त्यातलं मला फारसं कळत नाही आणि कळून घ्यायची घाईही नाही. मालवणात माझं डीटीपी, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान आहे. रात्री शटर ओढलं की दुकानातल्याच मोठ्या कॉम्प्युटरवर मी उडते, आणि माझं सगळं लक्ष खिडकीबाहेर असतं. चिपीला, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गच्या विमानतळावर, उतरताना खाली दिसतं ते आमचंच दिसतं का, आणि दिसत नसेल तर ते आणायला किती खटाटोप करावा लागतो, एवढ्याच अंगाने हे परीक्षण आहे. विमानांसाठी दुसरीकडे वाचा.

निकाल आधीच सांगून टाकते, कारण पुढे किचकट भाग आहे. एकावर एक सीनरी, म्हणजे खिडकीबाहेरची जमीन-घरं-झाडं, रचायची या सिम्युलेटरची पद्धत मला पूर्ण पटली. तिला पाचपैकी पाच. ती पद्धत नवख्या माणसाला समजावून सांगण्याच्या बाबतीत दोन, आणि तेही आज धंदा बरा झाला म्हणून.

नुसतं एक्स-प्लेन बसवून मालवणावर गेलात तर काय दिसतं? किनाऱ्याची रेघ बरीचशी बरोबर. सह्याद्री जागच्या जागी. रस्ते आणि रेल्वे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या नोंदींवरून काढलेले असल्यामुळे मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे दोन्ही सापडतात. कुडाळवरून सावंतवाडीकडे रूळ धरून जाता येतं. पण घरं? घरं अमेरिकेतल्या नाहीतर युरोपातल्या एखाद्या उपनगरातून उचलून आणल्यासारखी. चिरेबंदी घर, पुढे खळं, मागे माडाची वाडी, असलं काही शोधू नका. सडे, म्हणजे आमची कातळाची पठारं, हिरवेगार आणि एकसुरी. म्हणजे नकाशा आमचा, वस्ती परक्याची. मग माणूस बाहेरून सीनरी आणून घालायला लागतो आणि खरा खेळ तिथे सुरू होतो.

बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट ‘कस्टम सीनरी’ या एका फोल्डरात जाते. विमानतळाचं पॅक असो, उपग्रहाच्या फोटोंची जमीन असो, झाडं-घरांचं वाचनालय असो, सगळे फोल्डर शेजारी शेजारी. कोण कोणाच्या वर हे ठरतं त्याच फोल्डरातल्या ‘सीनरी पॅक्स’ नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. नोटपॅडमध्ये उघडते. एका ओळीवर एक पॅक. जी ओळ वर, तिला मान जास्त. एखादं पॅक तात्पुरतं बंद करायचं तर त्या ओळीच्या सुरुवातीच्या शब्दाला ‘डिसेबल्ड’ जोडायचं. फोल्डर हलवायला नको, पुसायला नको. कुठली गुप्त नोंदवही नाही, कुठला डेटाबेस नाही. मला हे फार आवडलं. काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं, आणि बिघडलं तर जुनी प्रत परत ठेवता येते.

कोरलड्रॉ या चित्रं-पत्रिका आखायच्या प्रोग्रामवर दिवस काढणाऱ्याला थर शिकवावे लागत नाहीत. वरचा खालच्याला झाकतो, आणि जिथे वरच्यात काही नाही तिथे खालचा दिसतो. इथेही मी तसंच धरून चालले असते. पण इथे थरांच्या दोन जाती आहेत आणि त्यांचे कायदे वेगळे आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं, म्हणून इथे जरा थांबते.

एक्स-प्लेन जगाचे चौकोन करतं, एक अंश अक्षांश गुणिले एक अंश रेखांश. आपल्याकडे असा एक चौकोन उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम १०७ च्या आसपास भरतो. प्रत्येक चौकोनाची एक डीएसएफ फाइल. ही फाइल दोन प्रकारची असू शकते. पहिला प्रकार म्हणजे जमीनच: त्रिकोणांची जाळी, तिची उंचसखलता, तिच्यावरचा रंग किंवा फोटो, पाणी कुठे आणि माती कुठे. दुसरा प्रकार म्हणजे त्या जमिनीवर ठेवायच्या वस्तू: इमारती, झाडं, रस्ते, कुंपणं. या दुसऱ्याला ओव्हरले म्हणतात. ओव्हरले कितीही असू देत, सगळे एकत्र नांदतात. जमीन मात्र एका चौकोनाला एकच. सिम्युलेटर यादी वरून खाली वाचत येतं, त्या चौकोनाची पहिली जमीन भेटली की तिथे थांबतं, आणि तिच्या खालच्या पॅकांमधलं त्या चौकोनाचं काहीही घेत नाही. खालची जमीन तर नाहीच, खालच्या वस्तूही नाहीत.

याचा परिणाम कसा दिसतो ते चिपीवर पाहा. सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. सड्यावर अडीच हजार मीटरची धावपट्टी, मुंबईहून एटीआर ७२ यायचं. त्याचं एक फुकटचं पॅक मी घातलेलं होतं आणि ते व्यवस्थित चाललं होतं. मग फोटोंच्या जमिनीचा नवा चौकोन आणून टाकला आणि सिम्युलेटर सुरू केलं. धावपट्टी होती. तिच्यावरचे आकडे होते. विमान उभं करायच्या जागेच्या पिवळ्या रेघासुद्धा होत्या. टर्मिनल नव्हतं.

“मावशे, टर्मिनल खंय गेला?” भाच्याने विचारलं. त्याला वाटलं मी पुसलं.

गंमत अशी की धावपट्टी, टॅक्सीवे आणि रेघा या विमानतळाच्या वेगळ्या फाइलमधून येतात. ती फाइल सगळ्या पॅकांतून वाचली जाते. एकाच विमानतळाच्या दोन नोंदी असतील तर वरच्या पॅकातली चालते. टर्मिनलची इमारत मात्र ओव्हरलेमधली वस्तू. आणि एक्स-प्लेनची सवय अशी की फोल्डरात नवं काही दिसलं की त्याची ओळ यादीत सर्वांत वर टाकायची. फोटोंची जमीन नवी, म्हणून ती डोक्यावर जाऊन बसली. वाचणारा तिथेच थांबला. चिपीचं पॅक खाली राहिलं. नोटपॅड उघडून फोटो-जमिनीची ओळ तळाला नेली, सिम्युलेटर पुन्हा सुरू केलं, टर्मिनल परत. धावपट्टी दिसते आणि इमारती दिसत नाहीत, हे लक्षण पाठ करून ठेवा. दहातल्या नऊ वेळा कुठली तरी जमीन विमानतळाच्या वर चढलेली असते.

आता कोणी म्हणेल, नवं आलेलं वर टाकायचं हा कसला न्याय? न्याय ठीक आहे. बहुतेक लोक नवं पॅक आणतात ते विमानतळाचंच, आणि त्याची जागा वरच असते. पण वर टाकण्याआधी हे पॅक जमीन आहे की वस्तू, एवढं तरी सिम्युलेटरला बघता आलं असतं. फाइलमध्येच लिहिलेलं असतं ते. निदान एक खिडकी उघडून विचारायचं तरी. २००६ सालच्या मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये सीनरी लायब्ररीचा पडदा होता, त्यात पॅक निवडून वर-खाली करायची बटणं होती. माझ्याकडच्या एक्स-प्लेनमध्ये नोटपॅड. माझ्यासारखीला चालतं, पण माझ्या दुकानात येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांपैकी नऊ जणांनी ही फाइल उघडलीच नसती. एक्सऑर्गनायझर म्हणून बाहेरचा एक प्रोग्राम आहे, तो पॅकांच्या जाती ओळखून रचना लावून देतो. चांगला आहे. तरी रचना झाल्यावर एकदा फाइल स्वतः वाचावी, कारण जात ओळखणारा प्रोग्रामही कधीमधी फसतो.

ही फाइलच पुसली तर सिम्युलेटर ती नव्याने बनवतं, आणि तेव्हा मात्र नावांच्या इंग्रजी अकारविल्हेनुसार. म्हणूनच ऑर्थोफोरएक्सपी या प्रोग्रामने उपग्रहाच्या फोटोंवरून बनवलेल्या फोटो-जमिनीच्या फोल्डरांची नावं ‘झेड’ने सुरू होतात आणि त्यांच्या ओव्हरलेचं नाव ‘वाय’ने. तळाला जावेत म्हणून केलेली युक्ती आहे ती. पण युक्ती चालते ती फाइल नव्याने बनताना. रोजच्या भरतीला झेडचा काही उपयोग नाही. नवं ते वरच.

माझी रचना अशी: सगळ्यात वर विमानतळांची पॅकं, त्याखाली सिम्युलेटरसोबत येणारी ‘ग्लोबल एअरपोर्ट्स’ची ओळ, मग किल्ले-दीपगृहं-पूल असल्या खुणांची पॅकं, मग ओपनस्ट्रीटमॅपवरून इमारती उभ्या करणारं सिमहेवनचं एक्स-वर्ल्ड, मग ऑर्थोफोरएक्सपीचा ओव्हरले, मग फोटो-जमिनी, आणि कुणाकडे नुसती जास्त बारीक जाळी असेल तर ती सगळ्यांच्या तळाशी. ओपनसीनरीएक्ससारखी वाचनालयं कुठेही ठेवा; त्यांना स्वतःची जागाच नसते, ती दुसऱ्यांना वस्तू पुरवतात. पण ती असावी लागतात. एखाद्या पॅकाला लागणारं वाचनालय नसेल तर सुरुवातीला सूचना येते आणि तपशील लॉग फाइलमध्ये मिळतो. लॉग वाचायला कंटाळू नका. कुठली वस्तू सापडली नाही हे तिथे नावानिशी असतं.

ऑर्थोफोरएक्सपीचा तो ओव्हरले कशासाठी, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. सिम्युलेटरच्या मूळ जमिनीच्या फाइलमध्येच रस्ते, रूळ, जंगलं आणि ती परकी घरं भरलेली असतात. फोटोंची जमीन वर आली की मूळ फाइल वाचलीच जात नाही. तिच्याबरोबर महामार्गही गेला आणि कोकण रेल्वेही. म्हणून हा प्रोग्राम मूळ फाइलमधून रस्ते-जंगलं-घरं काढून वेगळ्या ओव्हरलेत ठेवतो, आणि तो ओव्हरले फोटोंच्या वर लावायचा. तो विसरलात तर कोकण एखाद्या सतरंजीसारखं सपाट दिसतं. रात्री तर विचारूच नका. फोटोला स्वतःचे दिवे नसतात. रस्त्यावरचे दिवे, घरांच्या खिडक्या, सगळं ओव्हरलेतून येतं.

आता आमच्या जागेचा एक खास त्रास. चौकोनांच्या रेघा माणसांच्या सोयीने पडत नाहीत. १७ अंशाची रेघ रत्नागिरीतून जाते: शहर बरंचसं रेघेच्या दक्षिणेला, आणि तटरक्षक दलाचा तळ जिथे आहे तो विमानतळ उत्तरेला. चिपीचा सडा १६ अंशाला लगटून. आंबोली ७४ रेखांशाला चिकटलेली. तेव्हा “मला फक्त सिंधुदुर्ग पाहिजे” म्हणून १६-७३ (नैर्ऋत्य कोपरा १६ अक्षांश, ७३ रेखांश) हा एकच चौकोन बनवलात तर मालवण, देवगड, विजयदुर्ग मिळतात, पण वेंगुर्ला, सावंतवाडी आणि पलीकडे गोव्याचे मोपा-दाबोळी दोन्ही विमानतळ १५-७३ मध्ये राहतात. चिपीवर घिरटी घालताना एका बाजूला तपकिरी खरा सडा आणि दुसऱ्या बाजूला हिरवा खोटा, मधे पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. चिपीसाठी दोन चौकोन घ्याच. रत्नागिरीसाठी १६-७३ आणि १७-७३. जंजिरा, अलिबाग करत मुंबईपर्यंत जायचं तर किनारा ७३ रेखांशाच्या पश्चिमेला सरकतो, मग १८-७२ आणि १९-७२ हेही लागतात.

एक बरं आहे, आमचे चौकोन अर्धेमुर्धे समुद्राचे. भर समुद्राला फोटो लागत नाही, त्यामुळे देशावरच्या चौकोनाच्या मानाने जागा कमी खातात. फोटोची बारकाई झेडएल नावाच्या आकड्याने ठरते. आपल्या अक्षांशावर झेडएल १६ म्हणजे एका ठिपक्यात सुमारे २.३ मीटर, १७ म्हणजे त्याच्या निम्मं. आकडा एकाने वाढला की फोटोंची जागा चौपट. मी सगळीकडे १६ ठेवते आणि मालवण ते देवबाग एवढ्याच पट्टीला १७. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी जीभ. तिथे १६ वर घर आणि होडी यांत फरक कळत नाही.

फोटो खरे असतात, पण जुने असतात, ही गोष्ट सॉफ्टवेअरवाले सांगत नाहीत. शेजारचे काका आयुष्यभर दर्यावर गेलेले. त्यांना मी कौतुकाने कर्लीचं मुख दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, पडद्याला नाक लावलं आणि बोट ठेवलं. “ह्यो वाळयेचो दांडो आता खंय ऱ्हवलो?” मुखावरची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. उपग्रहाने टिपली त्या दिवशीची वाळू माझ्या पडद्यावर कायमची. मालवणच्या दांडी किनाऱ्यासमोरच्या होड्याही तशाच, पाण्यावर चपट्या चिकटलेल्या, मागे फेसाची रेघ. पाण्याकडे फोटो हळूहळू विरघळवून खाली सिम्युलेटरचं हलतं पाणी दाखवायची सोय आहे आणि ती चांगली चालते. पण किनाऱ्याजवळच्या होड्या तिच्यातून सुटतात.

आणि पाऊस. उपग्रहाला ढगांच्या आरपार दिसत नाही, त्यामुळे कोकणाचे वापरण्याजोगे फोटो कोरड्या महिन्यांतले. सडे करपलेले, गवत वाळलेलं, कातळ उघडा. एक्स-प्लेन १२ मध्ये ऋतू आहेत, पाऊस तर फार सुंदर आहे, काचेवरून ओघळ येतात. पण ऋतूंचा रंग मूळ जमिनीला आणि झाडांना लागतो. फोटोला लागत नाही. आषाढात देवगडवर धो धो पाऊस आणि खाली एप्रिलचा सडा. मी यावर एकच तोडगा काढलाय: पावसाळ्यात फोटो-जमिनीच्या ओळी ‘डिसेबल्ड’ करते आणि मूळ हिरव्या जमिनीवर उडते. त्या वेळी ऑर्थोफोरएक्सपीचा ओव्हरलेही बंद करायचा, कारण रस्ते-घरं मूळ जमिनीत आहेतच. एका टेक्स्ट फाइलच्या दोन प्रती, एक उन्हाळी, एक पावसाळी. हे करता येतं याचं श्रेय त्या साध्या फाइललाच. आणखी एक: फोटो-जमीन ऑर्थोफोरएक्सपीच्या १.४० आवृत्तीत बनवा. जुन्या आवृत्तीतले चौकोन नव्या सिम्युलेटरच्या पाण्याशी आणि ऋतूंशी नीट जुळत नाहीत.

घाटाबद्दल थोडक्यात. कडा उभा असतो आणि फोटो वरून काढलेला, त्यामुळे आंबोलीच्या कड्यावर चित्र खाली ओघळल्यासारखं ताणलेलं दिसतं. उंचावरून चालून जातं. जवळ जाऊ नका.

ओव्हरले एकमेकांत नांदतात म्हटलं, पण ते एकमेकांना हाकलूही शकतात. वरचं पॅक एक आयत आखून सांगू शकतं की या आयतात खालच्यांची झाडं नकोत, इमारती नकोत, रस्ते-रूळ नकोत, कुंपणं नकोत. प्रत्येक गोष्टीची वेगळी मनाई. हे हवंच. नाहीतर धावपट्टीत माड उगवतील. मनाई फक्त खालच्यांना लागते, वरच्यांना नाही, त्यामुळे इथेही यादीतला क्रम बोलतो. पण आयत म्हणजे आयतच, अक्षांश-रेखांशाला समांतर. तिरप्या धावपट्टीला तो कायम मोठा पडतो. गोव्याकडच्या एका विमानतळाचं पैसे मोजून घेतलेलं पॅक माझ्याकडे आहे. नाव घेत नाही. इमारती देखण्या, काचांवरचं प्रतिबिंबसुद्धा झकास. बनवणाऱ्याने कंटाळून एकच भलामोठा आयत ओढला आणि रस्ते-रुळांचीही मनाई लावून टाकली. त्यामुळे रूळ आयताच्या कडेला येऊन सुरीने कापल्यासारखे संपतात आणि पलीकडच्या कडेला पुन्हा सुरू होतात. मी लिहून कळवलं, उत्तर आलं की “आमच्या बाजूने व्यवस्थित दिसतं.” त्यांच्याकडे तिथे मूळ जमिनीवरही रूळ कापलेलेच असणार, पण विमानतळ बनवणारा विमानतळाकडे बघतो. पॅक विकत घेण्याआधी चित्रं बघू नका. विचारा की मनाईचे आयत किती आणि कशाचे, आणि पॅकात स्वतःची जमीन आहे का. स्वतःची जमीन असलेलं विमानतळ-पॅक वर ठेवलं की त्या पूर्ण चौकोनातले तुमचे फोटो गेलेच.

एकाच विमानतळाची दोन वेगवेगळ्या कारागिरांची पॅकं चालू ठेवलीत तर धावपट्टी वरच्याची येते, पण वस्तू दोघांच्याही येतात. मग एका टॉवरच्या पोटातून दुसरा टॉवर. एक बंद करा, विषय संपला.

मला स्वतःला सगळ्यात मजा आली ती सिंधुदुर्ग किल्ल्यावर. कुरटे बेट फोटोत लख्ख दिसतं, तटाची नागमोडी रेघही दिसते, पण जमिनीवर काढलेली. तट उभा नाही. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्याचा पाया घातला त्या किल्ल्यावरून मी दीडशे फुटांवरून जातेय आणि खाली रांगोळी. म्हणून वर्ल्डएडिटर हे सीनरी बनवायचं साधन उतरवून घेतलं. एक्स-प्लेन बनवणाऱ्यांचंच आहे, फुकट आहे, आणि रेघेवर बिंदू ठेवत जाणं हे माझं रोजचंच काम. फोटो खाली ठेवून तटाच्या रेघेवर बिंदू देत गेले आणि त्या रेघेला वाचनालयातली दगडी भिंत लावली, ९ मीटर उंच. बुरुजांच्या वळणांवर बिंदू दाट द्यावे लागतात, नाहीतर नागमोडी तट टोकेरी होतो. मग बेटापुरता छोटा आयत, झाडांची आणि घरांची मनाई, कारण ओव्हरलेतली दोन परकी घरं किल्ल्यात राहायला आली होती. पॅकाची ओळ एक्स-वर्ल्डच्या वर. उठला की तट! पहिल्यांदा बघून भाचा काही बोलला नाही, नुसता विमान वळवून परत घेऊन आला.

तरी एक बारीक खोड. वस्तू बसतात त्या खाली जी जाळी असेल तिच्यावर. फोटो-जमिनीच्या जाळीवर बेतून लावलेला तट पावसाळी यादीत, मूळ जाळीवर, किनाऱ्याच्या बाजूला थोडा पाण्यात उतरतो. चिपीसारख्या सड्यावरच्या विमानतळालाही हाच प्रश्न येतो. पॅक एका जाळीवर बेतलेलं, तुमच्याकडे दुसरी. विमानतळाच्या नोंदीत जमीन सपाट करायची खूण असली तर धावपट्टी वाचते, आणि ऑर्थोफोरएक्सपी विमानतळाखालची जाळी स्वतःहून थोडी गुळगुळीत करतं, पण कडेची इमारत अर्धा हात हवेत राहिली तर आश्चर्य नको.

मायक्रोसॉफ्टच्या नव्या सिम्युलेटरशी तुलना करा म्हणाल, तर दिसायला तो पुढे आहे, वाद नाही. फोटोची जमीन त्याच्याकडे आयती इंटरनेटवरून येते, बाहेरचं पॅक कम्युनिटी फोल्डरात टाकलं की काम झालं. पण ती जमीन येते ती तारेवरून. आमच्याकडे जूनमध्ये पहिल्या वादळात माड तारेवर पडला की इंटरनेट गेलं, आणि इंटरनेट गेलं की ते कोकणही धूसर. माझी फोटो-जमीन डिस्कवर आहे. इन्व्हर्टर चालू आहे तोवर मालवण माझं.

कॉम्प्युटरबद्दल: माझ्याकडचा फ्लेक्सच्या कामासाठी घेतलेला, ३२ जीबी रॅमचा. सिम्युलेटर तुमच्या चौकोनाबरोबर आजूबाजूचेही उघडून ठेवतं, त्यामुळे सगळीकडे झेडएल १७ करून ठेवणाऱ्यांनी रॅम आणि ग्राफिक्स कार्डाची मेमरी दोन्ही बघावीत. फोटो-जमिनी दुसऱ्या डिस्कवर ठेवून कस्टम सीनरीत नुसता विंडोजचा शॉर्टकट ठेवला तरी चालतं. माझ्या तशाच आहेत.

घेण्याआधी फुकट डेमो बघायचा असेल तर जरूर बघा, पण तो अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या परिसरापुरता आहे. त्यावरून आपल्या किनाऱ्याचा अंदाज येणार नाही. विकत घेतल्यावर इन्स्टॉलर जगाचा नकाशा दाखवतो आणि दहा-दहा अंशांचे मोठे चौकोन निवडायला लावतो. सगळं जग उतरवत बसू नका. १० ते २० अक्षांश आणि ७० ते ८० रेखांश, एवढा एकच चौकोन टिचकवा. डहाणूपासून खाली कारवारपर्यंतचा सगळा किनारा त्यात येतो, ऑर्थोफोरएक्सपीला ओव्हरले काढायला लागणारी मूळ फाइलही त्याच्यातच असते. तो चौकोन निवडायचा राहिला तर चिपीच्या जागी नुसतं पाणी मिळेल.